टायमर लावणाऱ्याची जागा

घरच्या माणसांचा एकत्र फोटो टायमरवर काढायचा असेल तर एकाच फोटोवर थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. कॅमेऱ्याच्या मेनूत जरा आत शिरलं की टायमरच्या सेकंदांच्या खालीच फोटोंच्या संख्येची सोय सापडते. निकॉनच्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या आणि लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत, टायमर २, ५, १० किंवा २० सेकंदांचा लावता येतो आणि तो संपला की १ ते ९ फोटो कॅमेरा आपणहून काढतो. काही मॉडेलांत दोन फोटोंमधलं अंतरही ठरवता येतं, अर्ध्या सेकंदापासून ३ सेकंदांपर्यंत. कॅननच्या साध्या ईओएस कॅमेऱ्यांत १० सेकंदांनंतर २ ते १० फोटो लागोपाठ घ्यायचा पर्याय असतो. कॅमेरा विकत घेताना दुकानात झूम दाखवतात, मेगापिक्सेल सांगतात, फ्लॅश उघडून दाखवतात. ही सोय कुणी दाखवत नाही. घरात ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याला मात्र सगळ्यात जास्त उपयोग तिचाच आहे.

आमच्या घरात तो माझ्या हातात असतो. लग्न होऊन कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या या घरात आले ती कॅमेरा घेऊनच. त्यामुळे पहिल्या सणापासून "वैनी, एक फोटो काढा की" सुरू झालं ते आजतागायत. बारसं असो, डोहाळजेवण असो, माघातले जोतिबाचे खेटे असोत की पंचगंगेच्या घाटावरची त्रिपुरी पौर्णिमा असो, फोटोचं काम माझ्याकडे. ते मला मनापासून आवडतं. पण घरातली माणसं मोजायला गेलं तर प्रत्येक फोटोत एक माणूस कमी भरतं, आणि हे सगळ्यात आधी माझ्या सासूबाईंच्या लक्षात आलं. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. अल्बमच्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "समदी हाईत, तू कुठं हाईस ह्यात?"

"आत्ती, मीच काढलाय तो."

"काढलास, खरं तू दिसत न्हाईस की."

या घरात हा प्रश्न माझ्याआधीही होता. माझ्या सासऱ्यांकडे, मामंजींकडे, याशिकाचा फिल्मचा कॅमेरा होता. माजघरातल्या कपाटात तो अजून आहे, चामडी पेटीसकट. लेन्सच्या कडेला एक बारीक कळ आहे. ती ओढली की आतली स्प्रिंग ताणली जाते, मग बटण दाबलं की कळ खर्रर्र आवाज करत सावकाश मूळ जागी येते आणि शेवटी शटर उडतं. या सगळ्याला साधारण आठ-दहा सेकंद लागतात. टायमर चालतो तो घड्याळासारख्या यंत्रावर, त्याला सेल लागत नाही. ज्या कॅमेऱ्यांना असा टायमर नव्हता त्यांच्यासाठी वेगळं यंत्र मिळायचं. बटणाला केबल जोडायचं जे भोक असतं त्यात ते बसवायचं, चावी द्यायची आणि पळत जाऊन उभं राहायचं. जर्मनीत बनणारं ऑटोक्निप्स हे त्यातलं गाजलेलं नाव.

पण ही सगळी धडपड एका फोटोपुरती. दुसरा हवा असेल तर उठून कॅमेऱ्यापाशी जायचं, रोल एक घर पुढे सरकवायचा, कळ पुन्हा ओढायची, परत यायचं. रोल ३६ फोटोंचा, धुण्याचे आणि छापण्याचे पैसे वेगळे. म्हणून टायमरवर एकच फोटो निघायचा आणि जो निघेल तो गोड मानायचा. मामंजींच्या अल्बममध्ये असे फोटो आहेत. पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी काढलेल्या फोटोत ते रांगेच्या टोकाला आहेत. नव्या राजवाड्यासमोरच्या फोटोतही टोकाला. घरच्या परड्यातल्या फोटोतही टोकालाच, एक पाय अजून पुढे पडलेला, खांदा तिरका, सदऱ्याचा कोपरा वाऱ्यावर. टायमर लावून येणाऱ्याला लवकर पोचता यावं म्हणून कडेची जागा मोकळी ठेवत, आणि ती जागा कायमची त्यांची होऊन गेली. घरातला कर्ता माणूस, आणि फोटोत कडेला. त्यांना त्याबद्दल काही वाटायचं की नाही, ते कधी बोलले नाहीत. मला मात्र ते फोटो बघताना वाटतं.

फोटोग्राफीच्या जन्मापासून ही अडचण तिच्या सोबत आहे. १८३९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या माणसाने स्वतःचा फोटो काढला. माणसाच्या चेहऱ्याचा आज हाती असलेल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी तो एक. टायमर नव्हता, बटणही नव्हतं. त्याने लेन्सवरचं झाकण काढलं, समोर जाऊन स्थिर राहिला आणि वेळ झाल्यावर परत येऊन झाकण लावलं. तो फोटो पाहिलात तर एक गोष्ट लगेच दिसते. केस विस्कटलेले, हात छातीशी बांधलेले, आणि तो स्वतः फोटोच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला आहे. "जरा अलीकडं सरका" म्हणायला कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतं.

आपल्या कोल्हापुरात तर कॅमेराच घडवला गेला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या आतेमामेभावांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ साली गेले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट निघाले. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. त्याच्यावरून जाताना मला नेहमी त्या काळच्या कॅमेऱ्याचं हँडल आठवतं. तो हाताने फिरवायचा कॅमेरा. ज्याचा हात हँडलवर, तो जागचा हलू शकत नाही. पडद्यावर सगळा गाव आला तरी हँडल फिरवणारा पडद्याबाहेरच.

तेव्हा मी एक ठरवलं. टायमर लावणाऱ्याची जागा कडेला ठेवायची नाही, मधोमध ठेवायची. तिथवर चालत जायला, बसायला, निऱ्या सावरायला आणि दम खायला जेवढा वेळ लागेल तेवढा कॅमेऱ्याकडून मागून घ्यायचा. आणि पोचल्यावर लगेच शटर उडून सगळं संपून जाऊ द्यायचं नाही.

गेल्या दसऱ्याचा फोटो सांगते. आदल्या दिवशी खंडेनवमीला कोयता, विळी, भाऊजींचे पाने आणि पकडी यांच्या शेजारी पाटावर कॅमेराही मांडला होता. त्याच्या पट्ट्याला लागलेलं हळदकुंकू मी पुसलं नव्हतं. संध्याकाळी दसरा चौकात सोनं लुटायला जायचं, त्यामुळे दुपारीच सगळे नव्या कपड्यांत, पुरुषांच्या डोक्याला फेटे. चारच्या सुमारास परड्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीची सावली तुळशीपर्यंत येते. तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर सारखा उजेड पडतो. उन्हात बसवलं तर फेट्याखाली डोळ्यांच्या जागी नुसते काळे डाग येतात. मागे उभे राहणारे उभे राहिले, पुढे खुर्च्यांवर आत्ती आणि काकू, खाली सतरंजीवर पोरं. माझ्यासकट बाराजण. आत्तींच्या शेजारची खुर्ची माझी. कुणी बसू नये म्हणून मी तिच्यावर उशी ठेवली.

फोकसचं इथे नीट बघावं लागतं. बटण दाबताना कॅमेरा जिथे फोकस धरेल तिथेच तो राहतो, आणि त्या वेळी आपली जागा रिकामी असते. मधली रिकामी खुर्ची कॅमेऱ्याच्या चौकटीत आली की तो सरळ मागची भिंत धरतो आणि बारा माणसं पुसट होतात. म्हणून मी फोकसचा ठिपका आत्तींच्या डोळ्यांवर नेला, फोकस घेतला आणि लगेच लेन्सवरची कळ मॅन्युअलवर टाकली. मग नऊच्या नऊ फोटोंत फोकस हलत नाही. दोन रांगा होत्या, दोन्ही स्पष्ट याव्यात म्हणून अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, लहान, एफ ८. शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा कमी नको, कारण पोरं स्थिर बसत नाहीत. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेले चेहरे चालत नाहीत. टायमर २० सेकंद, फोटो ९, मधलं अंतर २ सेकंद.

"वैनी, झालं काय? फेट्यात डोस्कं शिजाय लागलंय," भाऊजी मागून म्हणाले.

बटण दाबलं. समोरचा दिवा लुकलुकायला लागतो, बीप वाजत राहते. शेवटच्या दोन सेकंदांत दिवा लुकलुकायचा थांबतो आणि बीप जलद होते. पोरांना हे पाठ आहे, ती मोठ्याने उलटे आकडे मोजायला लागतात. मी मोजू देत नाही. आकडे ऐकले की मोठी माणसं श्वास धरतात आणि तोंडं आवळतात. त्याऐवजी मी कुणाला तरी काहीतरी विचारते, ज्याचं उत्तर एका शब्दात देता येणार नाही असं. त्या दिवशी उशी उचलून बसता बसता आत्तींना विचारलं, "आत्ती, ह्या खेपेला कटाची आमटी एवढी जमली कशी?"

आता ते नऊ फोटो. पहिल्यात सगळे ताठ. आत्तींचे दोन्ही हात गुडघ्यांवर, पदर डोक्यावरून सरळ, भाऊजींची छाती फुगलेली, माझी नजर अजून खाली, निऱ्यांकडे. एकच फोटो काढला असता तर एवढाच मिळाला असता. दुसऱ्यात श्वास सुटलेला आहे. मागच्या रांगेतले खांदे बोटभर खाली आलेले दिसतात. तिसऱ्यात धाकट्या पुतण्याचं तोंड उघडं, तो "झाला?" म्हणतोय, आणि सगळ्यांना झाला असंच वाटतंय. तिथून पुढे माणसं माझ्या ओळखीची दिसायला लागतात. चौथ्यात आत्ती माझ्याकडे वळल्यात. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चाललंय. त्यांचा उजवा तळवा माझ्या गुडघ्यावर टेकलाय, हिरव्या बांगड्या मनगटापाशी घसरून गोळा झाल्यात, आणि अंगठ्याच्या नखाच्या कडेला सकाळच्या पुरणाची हळद पिवळीजर्द बसलीय. पाचव्यात मी हसतेय, काकू कान देऊन ऐकतायत. सहाव्यात नणंदबाई भाऊजींचा फेटा सरळ करतायत. त्यांची हाताची बोटं थोडी हललीयत, बाकी सगळं स्वच्छ. सातव्यात सतरंजीवरची एक जागा रिकामी आहे, पोरगं उठून कॅमेऱ्याकडे निघालंय. आठव्यात आणि नवव्यात त्या पोराचं डोकं अर्धी फ्रेम खाऊन बसलंय.

मला चौथा आणि पाचवा सगळ्यात जवळचे. आत्तींनी पहिला निवडला. "ह्यो बसून काढलेला फोटू हाय. पदर नीट हाय." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. भिंतीवर लावायच्या फोटोत माणसाने कसं दिसावं याची त्यांची एक रीत आहे आणि ती त्यांच्या आईच्या घरून आलेली आहे. आम्ही दोन्ही छापले. पहिला सोप्यात लागला, चौथा माझ्या खोलीत.

किती फोटो काढले म्हणजे पुरे, याचा खरंच कुणीतरी हिशेब केलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी विज्ञान संस्थेत पियर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी समूहफोटोत डोळे मिटलेलं कुणी येऊ नये यासाठी किती फोटो लागतील ते मोजलं. माणूस फोटोला उभा असताना मिनिटाला साधारण दहा वेळा पापण्या मिटतो आणि प्रत्येक वेळी सुमारे पाव सेकंद डोळे झाकलेले राहतात, हे धरून त्यांनी गणित मांडलं. निघालेला नियम सोपा आहे. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. पन्नासएक माणसं झाली की मात्र सगळ्यांचे डोळे उघडे मिळायची आशाच सोडायची. २००६ साली त्यांना या कामासाठी गणिताचं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. आमच्या बाराजणांना परड्याच्या उजेडात चार फोटो पुरले असते, संध्याकाळी सोप्यात सहा. पण तो हिशेब पापण्यांचा आहे. खांदे खाली यायला लागतो तो वेळ त्यात धरलेला नाही, म्हणून मी नऊ काढते.

बाहेर स्टँड लावून टायमर वापरताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती रंकाळ्यावर चटकन कळते. सकाळी चौपाटीवरून शालिनी पॅलेसच्या दिशेने कॅमेरा लावला की सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असतो. एरवी आपला डोळा व्ह्यूफाइंडरला टेकलेला असतो, त्यामुळे मागून उजेड आत जात नाही. टायमर लावून आपण पुढे गेलो की ती खिडकी उघडी पडते, ऊन थेट आत शिरतं, कॅमेऱ्याला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतो. कॅननच्या पट्ट्यावर एक रबरी तुकडा ओवलेला असतो, तो यासाठीच, आयपीसची, म्हणजे डोळा टेकायची, रबरी कड काढून तिथे बसवायचा. बरेच लोक तो शोभेचा समजतात. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांबरोबर छोटं प्लास्टिकचं झाकण मिळतं. यातलं काहीच जवळ नसेल तर वरून रुमाल टाकावा. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांत हा प्रश्न येत नाही, आणि मॅन्युअलवर फोटो काढत असाल तरी येत नाही, कारण तिथे उजेड आपण आधीच ठरवून ठेवलेला असतो.

फ्लॅशचं थोडक्यात सांगते. फ्लॅशला पुन्हा भरायला वेळ लागतो, म्हणून फ्लॅश लावून अर्ध्या सेकंदाचं अंतर ठेवलं तर पहिला फोटो उजळ आणि मागचे अंधारे निघतात. अंतर ३ सेकंद ठेवावं. त्याहून बरं म्हणजे दारं-खिडक्या उघडून माणसांना उजेडात बसवावं.

आता रिमोट. पुष्कळांना वाटतं रिमोट आला की टायमरची गरज संपली. माझा अनुभव तसा नाही. निकॉनच्या छोट्या इन्फ्रारेड रिमोटवर एकच बटण असतं. एकदा दाबलं की एक फोटो. माझ्या कॅमेऱ्यात टायमर आणि रिमोट हे एकाच यादीतले दोन वेगळे पर्याय आहेत, एक निवडला की दुसरा बंद. म्हणजे रिमोट दाबून टायमर चालू करावा आणि मग नऊ फोटो मिळावेत, असं त्यात होत नाही. हवं असेल तर वायरचा रिलीज जोडावा. त्याचं बटण म्हणजे कॅमेऱ्याचंच बटण. टायमरवर ठेवून ते दाबलं की टायमर सुरू होतो आणि ठरवलेले सगळे फोटो निघतात. कंटिन्युअसवर ठेवून ते पुढे सरकवून अडकवलं की सोडेपर्यंत कॅमेरा फोटो काढत राहतो. त्रिपुरीच्या रात्री पंचगंगेच्या घाटावर पणत्यांचे फोटो काढताना मी हाच वायरचा रिलीज वापरते. तिथे शटर कितीतरी सेकंद उघडं राहतं आणि बोटाने बटण दाबलं तर स्टँडसकट कॅमेरा थरथरतो. वायर जवळ नसेल तर २ सेकंदांचा टायमर तेच काम करतो. स्टँडवर लेन्सचा व्हीआर, म्हणजे हाताची थरथर सावरून घ्यायची सोय, बंद करायची सवयही चांगली. आकडे दाखवणारा इंटरव्हलोमीटर मिळाला तर आणखी उत्तम. किती वेळाने सुरू, किती अंतराने, किती फोटो, हे तिन्ही त्यावर ठरवता येतं आणि नऊची मर्यादाही उरत नाही.

इन्फ्रारेड रिमोटला कॅमेऱ्याचा डोळा दिसावा लागतो. तो डोळा बहुतेक कॅमेऱ्यांत पुढच्या बाजूला, पकडीपाशी असतो. पाचेक मीटरच्या पुढे त्याचा भरवसा नाही, आणि भर उन्हात तेवढ्या अंतरावरही नाही. समूहफोटोत मागच्या रांगेतून दाबायचा म्हटलं तर पुढच्याच्या फेट्याआड सिग्नल जातो. शिवाय रिमोट ज्याच्या हातात त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. दाबला काय, दाबला काय, करत माना वळतात. म्हणून मोठ्या घोळक्याला मी टायमरच लावते. रिमोट दोघांसाठी, फार तर तिघांसाठी.

फोनवाल्यांनी मागे राहायचं कारण नाही. फोनच्या कॅमेऱ्यातही ३ आणि १० सेकंदांचा टायमर असतो आणि बऱ्याच आयफोनांवर टायमर संपला की एका फोटोऐवजी दहा फोटोंची रांग निघते. बाजारात सेल्फी स्टिकबरोबर ब्लूटूथचं जे बारकं बटण मिळतं, ते फोनला खरं तर आवाज वाढवायची कळ दाबल्याचा निरोप धाडतं, आणि कॅमेरा उघडा असताना त्या कळीनेच फोटो निघतो. त्यामुळे वायरच्या इअरफोनवरचं आवाजाचं बटणही पुष्कळ फोनांवर हेच काम करतं. घरात जुना इअरफोन असेल तर करून बघा. ब्लूटूथला समोरासमोर असायची गरज नाही, बटण पदराखाली झाकलेलं असलं तरी चालतं. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचे रिमोटही आता ब्लूटूथवर आलेत, आणि फोनवर कंपनीचं अॅप घेतलं तर फोनच्या पडद्यावर चौकट बघून बटण दाबता येतं. मला हे अॅप घरच्या माणसांच्या फोटोला नकोसं वाटतं. फोनकडे बघणाऱ्या माणसाचं तोंड खाली जातं आणि नेमका तोच फोटो निघतो.

रिमोटचा खरा उपयोग मला आत्तींनी दाखवला. एका सकाळी परड्यात स्टँड लावून आम्ही दोघी तुळशीपाशी बसलो होतो. त्या मेथी निवडत होत्या, मी त्यांच्याशेजारी. रिमोट माझ्या मुठीत, २ सेकंदांच्या विलंबावर, म्हणजे दाबून हात खाली घ्यायला वेळ मिळावा. त्यांच्या ते लक्षात आलं.

"मुठीत काय धरलंईस?"

मी दाखवला. त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा बघितला. "ह्यानं फोटू निघतोय? एवढुशानं?"

"व्हय. तिकडं तोंड करून दाबायचं नुसतं."

त्यांनी तो परत दिला नाही. मेथीच्या जुडीशेजारी, मांडीवर ठेवून दिला आणि काम चालू ठेवलं. मग मधेच, आपल्याला वाटेल तेव्हा, दाबायला लागल्या. मी विलंब काढून टाकला, दाबल्याबरोबर फोटो निघेल असं केलं. मला वाटलं होतं त्या सरळ बसतील, पदर नीट घेतील आणि मग दाबतील, कारण भिंतीवरच्या फोटोबद्दलचं त्यांचं मत मला माहीत होतं. तसं झालं नाही. शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून बोलायला थांबल्या तेव्हा त्यांनी दाबला. मी उठून नळ बंद करायला गेले, पाठमोरी होते, तेव्हा दाबला. पुतण्या शाळेचं दप्तर टाकून धावत आला आणि त्यांच्या गळ्यात पडला तेव्हा तर दोनदा दाबला. मी मेथीची मुळं तोडताना काहीतरी पुटपुटत होते, ते त्यांना गंमतशीर वाटलं असावं, तेव्हाही दाबला. त्या फोटोत त्या माझ्याकडे बघतायत, मी मेथीकडे, आणि त्यांचा अंगठा बटणावर दाबलेला स्पष्ट दिसतो. त्यांनी तो लपवायचा प्रयत्नच केलेला नाही. या घरात इतकी वर्षं मी माणसांकडे कशी बघते ते फोटोंत उतरलंय. त्या माझ्याकडे कशा बघतात ते पहिल्यांदा त्या सकाळी दिसलं. त्यातल्या पुष्कळ फोटोंत मी मधोमध आहे. चौकट मीच लावली होती, पण क्षण त्यांनी निवडलेले होते.

छापून आणल्यावर त्यांनी सगळे पुन्हा बघितले आणि गळ्यात पडलेल्या पुतण्याचा फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर लावायला सांगितला. पदर त्यात साफ खाली गेलाय. तसं मी म्हणाले तर, "असूंदे की," एवढंच बोलल्या.

आता परड्यात स्टँड लागला की रिमोट आधी त्यांच्याकडे जातो. तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात तो देणार असाल तर तयारी थोडी वेगळी करावी लागते. त्यांची बसायची जागा ठरलेली असते, तिच्यावर फोकस घेऊन लेन्स मॅन्युअलवर टाकावी, म्हणजे दरवेळी कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. स्टँड चार मीटरच्या आत, कॅमेऱ्याचं तोंड त्यांच्याकडे, आणि उन्हाची तिरीप कॅमेऱ्याच्या पुढच्या डोळ्यावर येणार नाही असं बघावं. रिमोटची वाट बघून कॅमेरा मिनिटाभरात आपोआप त्या मोडमधून बाहेर पडतो. माझ्या निकॉनमध्ये ती वेळ मेनूत १५ मिनिटांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवावी. नाहीतर त्यांनी दाबायचं, काही व्हायचं नाही, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून त्या रिमोट बाजूला ठेवायच्या. बॅटरी भरलेली असावी, कार्ड रिकामं असावं. रिमोटमध्ये सीआर २०२५ चा चपटा सेल लागतो, तो एक जास्तीचा आणून डब्यात ठेवावा. आमचा फडताळात हळदीच्या डब्याशेजारी असतो, आत्तींना सापडेल असा.